हिरवळीला भोकं पाडणारे काका

गोल्फ क्लबात नोकरीला लागले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका माणसाने माझ्या टेबलावर, कार्यकारिणीच्या इतिवृत्ताच्या बरोब्बर मधोमध, मातीचा एक ओला तुकडा आणून ठेवला आणि म्हणाला, "वास घ्या."

मी म्हटलं, "अहो, मी कॉमर्सची आहे."

"नाक बी कॉमर्सचं हाय का?"

मी पुण्याच्या पेठेत जन्मले, पेठेत वाढले. दुसऱ्याला एका वाक्यात गप्प करण्याचा हक्क आमच्याकडे फक्त घरच्यांना आणि दुकानदारांना असतो, हा माझा समज होता. हा मनुष्य पुण्याबाहेरच्या मांजरी गावचा. अंगात खाकी शर्ट, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली आणि पाय अनवाणी. मी निमूटपणे वास घेतला. मातीला मातीचा वास येत होता, आणि मी तसं सांगितलं.

"मंग झ्याक हाय. ज्या दिवशी नासक्या अंड्याचा वास यील ना ताई, त्या दिवशी तुमच्या ह्या कागदांचा काय बी उपेग न्हाई." एवढं बोलून तो तुकडा उचलून ते निघून गेले. इतिवृत्तावर गोल डाग राहिला. पुढच्या सभेत तो डाग इतिवृत्तासकट एकमताने मंजूर झाला, कारण आमच्या कार्यकारिणीत कागद वाचून मंजूर करण्याची पद्धत नव्हती.

कागदोपत्री ते हेड ग्रीनकीपर होते. ते स्वतःला माळी म्हणायचे आणि बाकी सगळे त्यांना काका म्हणायचे. गोल्फच्या मैदानावर चेंडू घालायचं भोक असतं आणि त्यात झेंडा रोवलेला असतो, त्याच्याभोवतीचा गालिच्यासारखा तुकडा म्हणजे ग्रीन. अशी अठरा ग्रीन्स काकांच्या ताब्यात होती. तिथलं गवत दाढी केल्यासारखं रोज कापतात आणि त्यावरून रोज शेकडो पाय जातात. त्या पायांनी माती दबते, दबत दबत दगडासारखी होते, आणि वरून हिरवंगार दिसणारं गवत खाली गुदमरत असतं. हे सगळं मला काकांनी पहिल्या आठवड्यात समजावलं. मी विचारलं नव्हतं.

त्यांच्या खिशात कायम एक सुरी असे, मुलाच्या जुन्या शाळेच्या मोज्यात गुंडाळलेली. सकाळी सहाच्या आत स्कूटरवरून यायचे, चपला स्कूटरपाशीच काढायचे, आणि अठराच्या अठरा ग्रीन्सवर अनवाणी फिरायचे. कुठे तळव्याला कडक लागलं की बसून सुरीने तुकडा कापायचा, मुळं किती खोल गेलीत ते बोटाच्या पेरांनी मोजायचं, वास घ्यायचा आणि तुकडा जसाच्या तसा परत बसवायचा. समोर जो असेल त्यालाही वास घ्यायला लावायचे. एकदा एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याला लावला. त्यांनी पुढच्या आयुष्यात काकांशी संबंध ठेवला नाही, त्यामुळे काका म्हणाले, वासाचे बरेच फायदे असतात.

तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर काढून त्यांनी गोल्फ कधी खेळला नाही, पाहिलाही नाही. खेळाडूंना ते पाव्हणे म्हणत. "पाव्हणे येत्यात, खड्डं पाडत्यात, जात्यात. आपुन ऱ्हातो." आमचे एक सभासद देहाने जरा भरदार होते. काका त्यांच्या मागे मागे चालत जाऊन नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा कडंकडंनं जावा. तुमचं वजन तिघांचं हाय, आन् फी एकाचीच घेत्यात." त्या दिवशी तक्रारवहीत दीड पान भरलं.

तक्रारवही हे आमच्या क्लबाचं खरं वैभव. गोल्फ बेताचाच चालायचा, तक्रारी मात्र अव्वल दर्जाच्या. चहा गार आहे, चहा फार गरम आहे, शेजारच्या टेबलावरचे लोक हसतात, मोर ओरडतो. मोराला क्लबातर्फे समज द्यावी, असंही एकाने लिहिलं होतं. या सगळ्यांना उत्तरं देणं हे माझं काम. माझा हात त्यात चांगला चालायचा. माणसाला मूर्ख म्हणायचं आणि त्याने आभार मानायचे, असं पत्र लिहायला तीन पिढ्यांचे पेठेतले संस्कार लागतात.

काका माझी उत्तरं वाचून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुम्ही लिहिता झ्याक, पण खरं कधी लिहिणार?" मी हसायचे. त्यांच्या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण येत नसे. त्या अख्ख्या क्लबात मला आवडणारा माणूस तो एकच होता, हे आताच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

ग्रीनवरचं गवत म्हणजे हरळी. परदेशातून आणलेली, नाजूक, नाव लांबलचक, पण जात हरळीचीच. काकांच्या वडिलांनी मांजरीला उसातली हरळी उपटण्यात जन्म घालवला. काका म्हणायचे, "बापानं जिला शिव्या दिल्या, तिला मी पाणी घालतो. पोटाचा धंदा हाय, काय करता." एकदा त्यांनी म्हाताऱ्याला क्लब दाखवायला आणलं. म्हाताऱ्याने त्या हिरव्यागार ग्रीनकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, धोतर सावरून खाली बसला आणि सवयीने उपटायला लागला. काकांनी हात धरेपर्यंत ओंजळभर गेलं होतं. "कसला आळशी गडी हाय रं हितला," म्हातारा म्हणाला, "समदं रान हरळीनं खाल्लं की!" हा किस्सा सांगताना काकांच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि पावसाळा सरल्यावर, काका ग्रीन्सना भोकं पाडत. त्याचं एक मशीन होतं. ते धडधडत गवतावरून जाई आणि पोकळ दात मातीत चार इंच घुसवून मातीच्या कांड्या वर काढी. ग्रीनवर सगळीकडे शेळ्या बसून गेल्यासारखं दिसे. मग त्या कांड्या गोळा करायच्या, वर बारीक वाळू टाकायची, काथ्याची चटई ओढत ओढत ती भोकात भरायची, पाणी द्यायचं आणि पंधरा-वीस दिवस वाट बघायची. भोकांतून हवा जाते, पाणी जाते आणि मुळं त्यामागे खाली उतरतात. एवढी साधी गोष्ट आहे. मला समजली म्हणजे कुणालाही समजावी.

पण सभासदांना समजत नसे. मार्च म्हणजे ग्रीन दिसायला सगळ्यात देखणं, आणि नेमकं तेव्हाच हा गृहस्थ त्याची चाळण करतो! 'आम्ही फी भरतो ती भोकांसाठी काय?' असं एकाने वहीत लिहिलं. अठरा भोकांसाठी भल्या पहाटे बायकोचा डोळा चुकवून येणारा माणूस हे विचारत होता. मी उत्तर लिहिलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. गवतालाही कळवले आहे.' काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरात एक पाटी लिहून घेतली आणि पहिल्या ग्रीनजवळ रोवली: 'काम चालू आहे. गवत श्वास घेत आहे. आपणही घ्यावा.'

ग्रीन कमिटीला एक चेअरमन असत. आमचे साहेब बांधकाम व्यवसायातले. जमीन दिसली की त्यावर काहीतरी घट्ट, चकचकीत आणि लवकर व्हावं, असा त्यांचा स्वभाव. काका आणि ते यांचं जमणं शक्यच नव्हतं, पण दोघं एकमेकांना टाळत आणि गाडी चालली होती.

एका वर्षी पावसाळ्यानंतरची भोकं दिवाळीच्या स्पर्धेमुळे राहिली. काका चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मार्च लागताच त्यांनी मशीनला तेलपाणी केलं, वाळू चाळून ठेवली. आणि साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, पंचवीस तारखेला इन्व्हिटेशनल टूर्नामेंट आहे. बाहेरचे गेस्ट्स आहेत. ग्रीन्स एकदम टॉप दिसायला पाहिजेत. त्या माणसाला सांगा, यंदा स्किप."

"साहेब, गेल्या खेपेचंही राहिलंय. एकदा तुम्हीच लेखी दिलंत तर—"

"लेखी कशाला? तुमचं ऐकतो तो. आणि हो, मॅनेजरच्या पोस्टचं मी बघतोय. डोन्ट वरी."

मॅनेजरची खुर्ची तेव्हा सहा महिने रिकामी होती. ती माझ्या टेबलावरून दिसायची.

मी शेडमध्ये गेले. काका मशीनच्या दातांना कानस लावत होते. मी सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "लेखी आणा."

"काका, माझ्यावर विश्वास नाही का?"

ते उठले, मला दहाव्या ग्रीनवर नेलं, सुरीने तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. मुळं नखाएवढी होती. "ऊन वाढंल तशी वरची माती भाजंल. पाणी खाली उतरायचं न्हाई. मेमधी हे समदं जळंल, ताई. माझं रिटायर व्हायला एक वरीस ऱ्हायलंय. तीस वर्षांत एक ग्रीन मेलं न्हाई माझ्या हाताखाली."

"मी आहे ना," मी म्हटलं. "काही झालं तर मी सांगेन."

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर." त्यांनी मशीनवर ताडपत्री टाकली.

इन्व्हिटेशनल झकास झाली. पाहुण्यांनी ग्रीन्सचं कौतुक केलं, साहेबांनी ते नम्रपणे स्वीकारलं. एप्रिलमध्ये कडा पिवळ्या पडल्या. काका दिवसभर पाइप घेऊन फिरायचे. पाणी गवतावरून टाइल्सवरून ओघळावं तसं ओघळून जायचं. त्यांनी शेतात वापरतात तो टोकदार लोखंडी काटा घेऊन हाताने भोकं पाडायला सुरुवात केली, उन्हात गुडघ्यावर बसून, एकेक. बासष्ट वर्षांचा माणूस आणि अठरा ग्रीन्स! मेमध्ये सात ग्रीन्स गेली. तपकिरी, कडक, पापडासारखी. काकांनी मला तुकडा आणून दाखवला नाही. वास खिडकीतून येत होता.

तक्रारवही संपली, दुसरी आणावी लागली. कार्यकारिणी खवळली. जबाबदार कोण? मार्चमध्ये भोकं का पाडली नाहीत? जे लोक दरवर्षी भोकांच्या नावाने बोटं मोडत, तेच आता भोकांच्या आठवणीने व्याकूळ झाले होते. काकांना कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरलं. नोटीस मराठीत हवी, म्हणजे कर्मचाऱ्याला समजेल. मराठी चांगलं कुणाचं? मॅडमचं.

मी लिहिली. 'आपल्या अक्षम्य दुर्लक्षामुळे' हे शब्द माझे. खाडाखोड न करता लिहिली, आणि वाईट म्हणजे लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिली, ऐकायला कशी वाटते म्हणून.

चौकशीला तिघे होते, मधोमध साहेब. काका चपला घालून आले होते, पहिल्यांदाच. साहेबांनी विचारलं, "मार्चमध्ये काम का केलं नाही?"

"तुमीच थांबवलं. ताईंनी येऊन सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ होता. "मॅडम, असं काही लेखी आहे का?"

"नाही."

"तोंडी? तुम्हाला काही आठवतं?"

दहा वर्षांपूर्वी कुठल्या सभासदाने मोराबद्दल काय लिहिलं हे मला शब्दशः आठवतं. शाळेतल्या मुलींचे हजेरी नंबर आठवतात. मी म्हणाले, "तसं नक्की काही आठवत नाही."

मला वाटलं होतं काका ओरडतील, शिवी देतील. ती मी आनंदाने घेतली असती. त्यांनी फक्त मान हलवली, कठीण माती तळव्याला लागल्यावर हलवायचे तशी, आणि समोरच्या कागदावर सही केली. राजीनामा आधीच टाइप केलेला होता. तोही मीच केला होता. निरोपसमारंभ झाला नाही. पुढच्या महिन्यात मी मॅनेजर झाले, पेढे वाटले. माझी मला लाज वाटते, हे मी इथे सरळ लिहिते. तक्रारींना उत्तर देण्याची ती पद्धत मला इथे वापरायची नाही.

काकांच्या जागी एजन्सी आली. तिने पहिल्याच सभेत पडद्यावर रंगीत आलेख दाखवून सांगितलं की गवताला श्वास घ्यायला हवा असतो. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. एकाने तर वहीसुद्धा काढून लिहून घेतलं.

पुढच्या मार्चमध्ये ऑफिसचा फोन वाजला.

"पाडली का?"

आवाज काकांचा होता. "पाडली," मी म्हटलं.

"बरं." फोन बंद.

त्याच्या पुढच्या मार्चमध्येही तसंच. पाडली का, पाडली, बरं. कसे आहात विचारायला मी तोंड उघडेपर्यंत फोन ठेवलेला असे. दोन्ही वेळा मी ठरवलं होतं की बोलायचं. दोन्ही वेळा नंतर चहा मागवला आणि प्यायले.

यंदा मार्चमध्ये फोन आला. "पाडली का?"

"पाडली."

"किती खोल?"

हा प्रश्न नवीन होता. "चार इंच. एजन्सीच्या रिपोर्टमध्ये आहे."

"रिपोर्टात बोट जात न्हाई. ग्रीनवर जावा आन् बोट घाला. मी हाय फोनवर."

मी त्यांना माझ्या मोबाइलवरून फोन लावला आणि ऑफिससमोरच्या नवव्या ग्रीनवर गेले. चौघं जण खेळायला येऊन थांबले होते, त्यांत साहेबही होते. मी त्यांच्यादेखत साडी सावरून गुडघ्यांवर बसले. भोकं दिसायला सुरेख होती, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एका रेषेत. मी बोट घातलं. पहिल्या पेरावर खाली दगडासारखं लागलं. दुसऱ्या भोकात घातलं, तिसऱ्यात घातलं. सगळीकडे तेच.

"काका, पेरभरच जातंय."

"म्हंजी नुसता देखावा. मेमधी परत तेच हुणार." मग ते म्हणाले, "आता हे सांगाल का साहेबांना? का हे बी आठवणार न्हाई?"

तीन वर्षांत त्या गोष्टीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

"काय मॅडम, कानातलं पडलं का?" साहेब गोल्फची काठी खांद्यावर टाकून जवळ आले होते. बाकीचे तिघे हसले.

मी उठले नाही. फोन कानालाच होता. "साहेब," मी म्हटलं, "त्या मार्चमध्ये काम तुम्ही थांबवलंत. तुमचा निरोप मी काकांना दिला होता. चौकशीत मी खोटं बोलले. मला तेव्हाही सगळं आठवत होतं."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मनापासून आठवायचा प्रयत्न केला त्यांनी, हे मी देवाशपथ सांगते.

"कोण काका?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, शांत, जरा वैतागलेला, उशीर होतोय म्हणून घाई करणाऱ्या माणसाचा.

"ताई, माझं ऱ्हाऊ द्या. भोकाचं सांगा त्यांना."